मोताळ्याला न थांबलेली मोटार

मुक्काम रोहिणखेड,
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप शेषरावमामांच्या पायांवर भाचा उकंड याचं डोकं. इकडे खुशाल आहे. तुमचा गुडघा थंडीत धरतो का? मोटारीची खुशाली पुढे येतेच.

मामा, उपकार कसे फेडावे? कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्या पोराला लोक सायकल देत नाहीत. तुम्ही मात्र ब्रेकचे नवे पट्टे बसवलेली मोटार हाती दिलीत, सोबतीला आपला गाडीवान पुंजाजी दिला, आणि मामींना मोताळ्याच्या माहेराहून आणायला सांगितलंत. बुलढाण्यापर्यंत गाडी गुणाची होती. नवे पट्टे जरा कुरकुरत होते, एवढंच. मी तिथे चहा घेतला आणि राजूरच्या घाटात ब्रेक दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी खुशीत आली. (तुम्ही मला रागीट म्हणता, त्या वळणावर मी फक्त देवाचं नाव घेतलं.) पुंजाजीने उडी मारून चाकाखाली धोंडे टाकले, तेव्हा कुठे घाट उतरलो. ब्रेकच्या सळया आवळल्या, सैल केल्या, पुन्हा आवळल्या. फरक शून्य. पाना रागाने नाल्यात फेकला. तेव्हा पुंजाजी खाली मान घालून म्हणाला, "चाक रडून राह्यलं होतं मालक. कोरडं काऊन ठेवू?" बैलगाडीच्या आसाला घालायचं ओंगण, बांबूचा अख्खा नळा, त्याने बुलढाण्याला चाकांच्या फटीतून पट्ट्यांवर ओतलं होतं!

तशीच मोटार मोताळ्यात शिरली. मामी ओट्यावर गाठोडं घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी हात केला, मीही चालत्या गाडीतून होतो तेवढा नमस्कार केला. गाडी थांबली ती थेट रोहिणखेडला, महादेवरावांच्या कडब्याच्या गंजीत.

हेच ते महादेवराव. दिवाळीत तुम्ही माझ्यासाठी त्यांच्या कौशल्येचं विचारायला गेलात, तेव्हा यांनीच "पोट्टं कुठंच थांबत नाही, त्याले पोरगी कशी देऊ?" म्हणून तुम्हाला परत पाठवलं होतं. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, मग मला जेवायला बसवलं. आज आठवा दिवस. गावातून मागून आणलेल्या पान्याने मी रोज एक चाक उघडतो, दुसऱ्या दिवशी तेच बसवतो. आज सकाळी महादेवराव शेजाऱ्याला सांगत होते, "आठ दिवस झाले, थांबला तं हाय." मामा, तुमच्या पट्ट्यांचे आभार, पुंजाजीच्या ओंगणाचे त्याहून जास्त. त्याला घाटात जे बोललो ते मागे घेतलं आहे.

मामींना दंडवत. त्या अजून ओट्यावर नसाव्यात.

आपला आज्ञाधारक,
उकंड

ता. क. : चिखलीचा मिस्त्री पाठवू नका. तुम्हीच या, आणि पान्याऐवजी नारळ आणा.

आणखी एक : ओंगण मी घाटाखालीच कंदिलातल्या रॉकेलने पुसलं होतं. मोताळ्यात ब्रेक उत्तम लागत होता. हे मामींना कळू नये.

शेवटचं : कौशल्येला कळलं आहे. आज पाणी द्यायला आली, चाकाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "रॉकेलचा वास येऊन राह्यला. मामाले कवा बोलावता?" म्हणून हे पत्र.