पिक्चरमधला ठोसा

कोल्हापूर

जया,

तुह्या दादाचा तुले आशीर्वाद, याडी-बापूले रामराम. मी मजेत हावो. हात सुजला म्हणून अक्षर वाकडं हाये, पण याडीले सांगू नको.

इथं आरक्षणावरच्या एका पिक्चरमधी मले मार खायचं काम भेटलं. राखीव जागेवर कॉलेजात आलेला पोरगा मीच. चौघं मले जिन्यावरून फरफटत आणतेत अन् लाथा घालतेत. लाथा खोट्या, पण बरगड्या खऱ्याच दुखतेत.

मंग एकानं माही कॉलर धरली अन् ओरडला, "सरकारी जावई!" माह्या पार्टात नुसतं रडाचं होतं. पण तुले वर्गात हेच म्हणतेत ना? मी त्याच्या नाकावर ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला तरी मी हाणतच राह्यलो. तिघांनी ओढलं तवा थांबलो.

डायरेक्टरनं शॉट ठेवला, मले काढलं.

बापू बरोबर जेवतेत ना? तू कॉलेज सोडून घरी आली, हे तांड्यात कोणाले सांगितलं त नाही?

पिक्चर पुसदले लागला म्हंजे पाहाले जाजो. तिथं डोये मिटू नको, त्याच्या नाकातलं रक्त खरं हाये. पण पिक्चर लागाले लय टाइम हाये.

तू या सोमवारीच कॉलेजात जाय.

तुहा दादा,
प्रेमसिंग