परीक्षेची दाढ

४ फेब्रुवारी, मंगळवार

या घरातून मिरची हद्दपार झाली आहे, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. इतिहासकार घेणार नाहीत, म्हणून मीच घेतो. गेल्या ऑगस्टपासून भाजीत मीठ असतं, हळद असते, सद्भावना असते. तिखट नसतं. हिला विचारलं, तर म्हणते, "या वयात कमीच बरं." कुणाच्या वयात, ते मोघम ठेवते.

आज जेवणानंतर निषेध म्हणून भाजलेले शेंगदाणे खाल्ले. त्यातला एक दाणा नव्हता, खडा होता. खालच्या उजव्या दाढेत कट्कन आवाज झाला.

निषेध मागे घेतला.

५ फेब्रुवारी, बुधवार

दंतशूल! संस्कृतात किती भारदस्त नाव आहे. लवंगेचं तेल लावलं. आता भारदस्त दुखतं आणि लवंगेचा वास येतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर काचेच्या पेटीत मासे. माशांची तब्येत उत्तम. डॉक्टरांनी दाढेवर बारीकशा हत्याराने टकटक केलं, मी खुर्चीतून अर्धा उठलो, ते "हं" म्हणाले. नस साफ करायची, वर टोपी बसवायची. खर्च बाहेरची मुलगी सांगेल. तिने तो इतका गोड हसून सांगितला की क्षणभर वाटलं, मलाच मिळणार आहेत. आकडा इथे लिहीत नाही. वही चांगली आहे.

तिथून संपादकांकडे. विमा? विमा नोकरांना. "तुम्ही नोकर कुठे? तुम्ही तर आमच्या घरचे." वीस वर्षं मी बातमीदार म्हणून त्यांच्या घरचा आहे. घरच्यांना विमा नसतो, ओळींप्रमाणे मानधन असतं. 'आरोग्य सर्वांसाठी' या सभेची बातमी गेल्या महिन्यात मीच दिली होती. दोन कॉलम, फोटोसकट.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिने दातांच्या कॉलेजचं सुचवलं. तिथे विद्यार्थी उपचार करतात, जवळजवळ फुकट. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या वारी गर्दी कमी, मागचं दार कधी उघडतं, सगळं हिला पाठ. एवढी माहिती कुठून काढली, म्हटलं. "विचारलं होतं एकदा," म्हणाली. बायकांचं वार्ताहर-मंडळ आमच्यापेक्षा तत्पर असतं.

कॉलेजात एका लांबलचक दालनात खुर्च्यांची रांग. प्रत्येक खुर्चीत एक उघडं तोंड, प्रत्येक तोंडावर एक वाकलेला विद्यार्थी. माझ्या वाट्याला शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. तिने आरसा घालून पाहिलं, एक्स-रे काढला आणि तिचा चेहरा उजळला. माझ्याकडे पाहून कुणाचा चेहरा उजळल्याला बरीच वर्षं झाली होती.

"काका, तुमची दाढ अगदी पाहिजे तशी आहे!"

मग हळू आवाजात तिने सांगितलं ते असं. वीस तारखेला तिची प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षकांसमोर अशाच दाढेची नस साफ करून दाखवायची. रुग्ण ज्याचा त्याने आणायचा. मागच्या खेपेला तिचा रुग्ण आलाच नाही आणि ती रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून नापास झाली. मी थांबलो, तर सगळं फुकट, टोपीसुद्धा. फक्त तोवर दाढेला कुणी हात लावायचा नाही. दुखलं तर गोळ्या देईन म्हणाली.

म्हणजे दुखणं दहा दिवस जपायचं. संग्रहालयाला एखादी मूर्ती उसनी द्यावी, तशी मी दाढ दिली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळची एखादी वस्तू कुणाला हवी होती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भावी डॉक्टरीणबाईंचा फोन. दाढ कशी आहे? दुखतेय म्हटलं. "थँक्यू काका."

१२ फेब्रुवारी, बुधवार

ही आता भात गिच्च शिजवते, चहासुद्धा निववून देते. स्वतःही तेच खाते, तसाच चहा घेते. सहधर्मचारिणी शब्दाचा अर्थ आज कळला, असं म्हणालो. तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. कौतुक केलं की ही असा विषय बदलते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दाढेला मागणी वाढली. त्याच वर्गातल्या एका चष्मेवाल्याने कुठूनसा माझा नंबर मिळवला. त्याचा रुग्ण डळमळीत आहे. मी त्याच्याकडे आलो तर जाण्यायेण्याची रिक्षा आणि दुपारचं जेवण. मी म्हटलं, अरे, ज्या दाढेने जेवायचं तीच तू उघडून ठेवणार! शिवाय शब्द दिलाय. "बरोबर आहे काका," म्हणाला आणि तरी दोनदा विचारलं. रुग्ण पळवणारा हा मुलगा पुढे नाव काढणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाल सुजला. मेहुणे आले होते, म्हणाले, "दाजी, आता तुम्ही एका बाजूने तरी खात्यापित्या घरचे दिसता." त्यांच्या माहितीतला एक माणूस दात चटकन उपटतो, किरकोळ पैशांत. भूल देतो का, विचारलं. गप्पा मारतो म्हणाले.

तरी दुपारपर्यंत दुखणं असं चढलं की मी चप्पल घालून दारात उभा राहिलो. तेवढ्यात भावी डॉक्टरीणबाईंचा रोजचा फोन. मी काही बोलण्याआधीच आवाजावरून ओळखलं तिने.

"काका, सहन होत नसेल तर आत्ता या. मी आजच उघडून देते. परीक्षेचं बघेन मी."

शेवटचं वाक्य नीट म्हणता आलं नाही तिला. मी म्हटलं, सूज उतरायची गोळी सांग, बाकी मी बघतो. चप्पल काढली.

ही आतून म्हणाली, "कशाला एवढा हट्ट?" मी म्हटलं, तू कधी दातदुखी काढलीस का, तुला काय कळणार. ती भांडी घासायला गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सूज उतरली. दुखणं सुस्थितीत. उद्या परीक्षा. मीच बसणार असल्यासारखं केसपेपर रात्रीच पिशवीत घालून ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सोबत म्हणून हीही आली. एरवी अशा ठिकाणी येत नाही. बाहेरच्या बाकावर बसली.

मी खुर्चीत. परीक्षक गंभीर, मिशा पांढऱ्या. मुलीने सुरुवातीला दोनदा हातमोजे बदलले, मग कामाला लागली. सुई टोचल्यावर पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझा उजवा जबडा शांत झाला. परीक्षकांनी दोनदा "हं" म्हटलं. दुसरा "हं" पहिल्यापेक्षा बरा होता. शेवटी म्हणाले, "चांगलं केलंस." मुलगी मास्कमागे रडत होती. तोंडात कापूस नसता तर मीही काहीतरी समयोचित संस्कृत म्हणालो असतो.

विजयी वीरासारखा बाहेर आलो, तर बाक रिकामा.

झालं होतं ते असं. चष्मेवाल्याचा रुग्ण आला नाही. दुखणं न सोसून त्याने परवाच दाढ काढून टाकली होती. चष्मेवाला बिचारा व्हरांड्यात प्रत्येकाला विचारत फिरत होता, तसं हिलाही विचारलं, काकू, दाढ दुखते का? ही म्हणाली, दाढ तुटलीय खरी, पण दुखत नाही. तिची धार लागून गालाला आत जखम झालीय, ती काही भरत नाही. त्याने तिथेच टॉर्च लावून पाहिलं. मग आपली परीक्षा सोडून तो हिला वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला आणि तिथेच थांबला. मी पोचलो तेव्हा तो दाराशी उभा होता. मला "बसा काका" म्हणाला. डोळ्यांत पाहिलं नाही.

जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

परत येताना बसमध्ये विचारलं, कधीपासून? "ऑगस्ट असेल." सांगितलं का नाहीस? ही खिडकीबाहेर बघत होती.

"आधी वाटलं, भरेल आपोआप. मग तुमची दाढ निघाली. दोघांचं एकदम कुठून करणार होतो? तुमचं होऊन जाऊ दे, म्हटलं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भावी डॉक्टरीणबाईंचा फोन. पास! काकू कशा आहेत, असंही विचारलं. चष्मेवाल्याची परीक्षा आता सहा महिन्यांनी.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या हिच्या तपासणीचा निकाल. दाढ अजिबात दुखत नाही. भाजी मिळमिळीत होती, दोनदा मागून घेतली. मला फार भीती वाटते आहे.