घरभर बॉयलर

३ तारीख, सकाळी ६
बॉयलरच्या लायसन्सची परीक्षा २४ला. तिसरी खेप आणि शेवटची. नापास झालो तर बारा वर्षं सांभाळलेला लॉन्ड्रीचा बॉयलर सोडून तिथेच मळक्या चादरी निवडायच्या. साहेबांनी स्पष्टच सांगितलंय. घाबरलेलो नाही. आजवर पद्धत चुकत होती, डोकं नाही.

५ तारीख
पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं ब्रेक. ब्रेक उत्तम जमला.

८ तारीख
महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायच्या. सगळंच महत्त्वाचं निघालं. पेन संपलं. नवं आणेपर्यंत अभ्यास बंद, माझा नाइलाज आहे.

११ तारीख
पद्धत सापडली! व्हिडिओत पाहिलं. एकेक धडा घरातल्या एकेका वस्तूवर ठेवायचा. फ्रिज म्हणजे पाण्याची पातळी, कपाट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. बायको म्हणाली, माझ्या आरशाला हात लावलात तर याद राखा. ती आमच्याच लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. घरी येते तीच तापलेली.

१५ तारीख
बायकोला पुस्तक देऊन प्रश्न विचारायला लावले. पुस्तक न उघडताच चुका काढते. टोकायची सवय, दुसरं काय!

२१ तारीख
घात झाला! तिने फ्रिज दाराशी सरकवला. मागे पाणी साचत होतं म्हणे. आता माझी पातळी कुठे शोधू? चिडून जेवलो नाही. मग जेवलो.

२३ तारीख
अर्धा तास पुस्तक उलटं धरून वाचलं. तयारी जास्त झाली की असं होत असावं.

२४ तारीख, दुपारी
तोंडी परीक्षा. परीक्षकांनी विचारलं, बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर आधी काय कराल? डोळे मिटले. म्हणालो, फ्रिजकडे जाईन. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी विचारलं, जुन्या जागी की नव्या? त्यांनी पेन खाली ठेवलं.

संध्याकाळी
बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, अहो, आधी आग बंद! गार पाणी तर मुळीच सोडायचं नाही. मागे दोनदा पाणी उतरलं तेव्हा तुम्ही हेच केलं होतंत ना?
हो. विचार न करता केलं होतं. फार वाईट वाटलं.

३० तारीख
नापास. साहेब म्हणाले, इस्त्रीवाल्यांपैकी कुणी परीक्षेला बसणार असेल तर फॉर्म आहे. बायकोने लगेच घेतला. घरी ती पुस्तक उघडून बसली, तसा मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. म्हणाली, सगळं विचारीन तुम्हाला, फक्त अभ्यास कसा करायचा तेवढं सांगू नका.