वीस वॉफल गाईला

रविवार, संध्याकाळ

डोकं नुसतं सणकलंय. सकाळी तीन तास उभं राहून आठवड्याचे वीस वॉफल केले. मधे कागद घालून फ्रीजरमध्ये रचले, म्हणजे सातची शेगावची बस गाठण्याआधी सगळ्यांचा नाश्ता नुसता गरम करायचा. आत्ता उघडून बघते तर फ्रीजर रिकामा! वीसच्या वीस सासूबाईंनी गाईला घातले.

“आठ दिवसाचं शिळं घरच्याइले खाऊ घालतं का तू?” म्हणे.

नवरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “आईचं बरोबर हाय.”

वा! आणि रात्रीची उरलेली भाकर रोज सकाळी मी ओट्याशी उभी राहून खाते, ती? आत्ताच सासूबाईंनी उद्यासाठी दोन झाकून ठेवल्यात. माझ्यासाठी.

घरच्यांना शिळं चालत नाही. मग मी कोण?