अप्पांची अक्का

प्रिय ज्योती,

निशांतचे आईवडील येऊन गेले, सगळं नीट झालं, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीला आलीस तेव्हाच तू आम्हाला पढवून गेली होतीस. तुझे अप्पा माझे सख्खे मामा आहेत, हे निशांतच्या घरी कळता कामा नये. रोहतककडे आईच्या गोत्रातलीही मुलगी करत नाहीत, मामा-भाचीचं लग्न ऐकलं तर सोयरीक मोडेल, असं तू बजावलं होतंस. आजी म्हणजे माझी आई, अप्पांची थोरली बहीण आणि सासूही. बोलायला लागल्यापासून ते तिला अक्का म्हणतात, आणि माझ्याशी लग्न झाल्यावरही ते बदला असं कुणी म्हणालं नाही. तू म्हणालीस. पाहुण्यांसमोर अक्का म्हणू नका, अक्का म्हणजे थोरली बहीण, निशांत बंगळूरला राहतो म्हणून एवढं कानडी त्याच्या घरी सगळ्यांना कळतं. अप्पांनी मान डोलावली. तुला त्यांनी कधी नाही म्हटलंय?

खरं सांगू, माझं लग्न ठरलं तेव्हा आपल्या मन्नाएखेळ्ळी गावात कुणाला नवल वाटलं नव्हतं. शेजारच्या शिवशंकरप्पांनी आपली मुलगी मेव्हण्यालाच दिली, औरादकडच्या तेलुगू घरांतही तेच. मी सासरी गेले ती आजोळीच गेले, आणि सासुरवास म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही. असं नात्यातलं लग्न डॉक्टर आता नको म्हणतात, ते मला पटतं, तुझ्या भावासाठी मी अशी मुलगी बघणार नाही. पण आमचं लग्न लपवण्यासारखं आहे, हे तुझ्याकडूनच पहिल्यांदा कळलं. टीव्हीवर रोज कुणीतरी ‘आपली संस्कृती’ समजावून सांगत असतं. मी मनात म्हणते, बाबा, नेमकी कुणाची? रोहतकची की मन्नाएखेळ्ळीची? तुझं ते मेंदी न् संगीतही आपल्यात कधी नव्हतं. पण ते करू हं, मला नटायला आवडतं.

तर पाहुणे बीदरला विमानदलातल्या पुतण्याकडे उतरले होते, तिथून दुपारी आपल्याकडे आले. मी गव्हाची गोड हुग्गी केली होती. अप्पांची जीभ घसरेल म्हणून ते सकाळपासून आजीशी बोललेच नाहीत. तुला ठाऊक आहे, ‘अक्का, ये’ म्हटल्याशिवाय ती ताटावर बसत नाही. त्या दिवशी अप्पा तिच्या दारात उभे राहून नुसते खोकले. ती उठलीच नाही. मी बोलवायला गेले तर पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, “श्रीपत मला बोलंना झालाय. माझं काय चुकलं गं?”

मागे निशांतची आई उभी होती. आजी का रडते, असं तिनं विचारलं. आणि ज्योती, मी तिला सगळं सांगून टाकलं. माझी हिंदी आपल्याकडची, तिला निम्मीच कळली असेल, पण तेवढं पुरेसं होतं. आमच्या गावात हे पाप समजतात, असं ती सरळ म्हणाली. आमच्यात हा मान आहे, असं मीही सरळ म्हणाले. तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग ती आजीजवळ खाली बसली आणि स्वतःचंच सांगू लागली. त्यांच्यात सून थोरल्या दिराशी बोलत नाही. तिनंही पदर ओढून सगळा जन्म एका अंगणात काढला, आणि दीर शेवटच्या आजारात पडले तेव्हाही, कसं वाटतंय, एवढं विचारता आलं नाही. घरातल्या माणसाशी न बोलणं काय असतं ते मला माहीत आहे, म्हणाली. आजीचं ताट तिनंच आणलं. काल तिचा फोन आला. नवरा दोन दिवस कुरकुरला, आता लग्नाच्या तारखा विचारतोय.

म्हणजे सोयरीक मोडली नाही, पोरी. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणानं. अप्पा अजून दारात उभे राहून खोकतात. पाहुण्यांना सगळं कळलंय, आता हाक मारा, असं मी दहादा सांगितलं. ते म्हणतात, “पोरीला शब्द दिलाय. ती म्हनंल तवा.” आजी उठते, जेवते, पण दोन घास खाऊन हात धुते. मी बोलून गेले त्याचा राग माझ्यावर सावकाश काढ, मी कुठं जात नाही. आधी अप्पांना फोन कर, जेवायच्या वेळेला कर, म्हणजे आजी समोर असेल. आम्ही सगळे तिला आई म्हणतो, आजी म्हणतो. तिला अक्का म्हणणारं अप्पांशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

रागावलीस तरी तुझीच,
आई