आडनावापुढची लाल चांदणी

९ ऑगस्ट, शनिवार

कोर्सच्या बाईंनी, बू हेनींनी, आज भर वर्गात माझी लाज काढली! मी बनवलेलं पान त्यांनी स्वतःच्या फोनवर उघडलं — ‘नोंदणी करा’चं बटण पडद्याबाहेर. “विदुरी, हे बटण काय शेजारच्या घरात ठेवलंयस?” सगळे फिदीफिदी हसले. म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर नीट दिसतंय. “तुझ्या कॉम्प्युटरवर कोण येणार आहे? म्हातारी माणसं फोनवरून भरणार!”

खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

पान आहे मशिदीच्या मोतीबिंदू शिबिराचं. चाळीस ऑपरेशनं, फुकट, वर्षातून एकदाच. गेल्या वर्षी रांगेत चेंगराचेंगरी झाली, म्हणून यंदा नोंदणी फक्त वेबसाइटवर. मशीद कमिटीतल्या पाक ताउफिक साहेबांनी काम मला दिलं, आणि वेबसाइट बनवायच्या कोर्सची माझी परीक्षाही त्याच्यावरच. इतकं सगळं माझ्या डोक्यावर, आणि ह्या बाई बटण मोजत बसल्यात!

बापाकचे — माझ्या बापाचे — दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा आहेत. त्याला त्या चाळिसात यायलाच हवं. न्हावी माणूस, दिसलं नाही तर करणार काय?

१३ ऑगस्ट

बापाकनं आज गिऱ्हाइकाचा कान कापला. थोडासाच. तो माणूस बोंबलत उठला तर बापाक म्हणतो, “कान जागेवर आहे ना? मग ओरडतोस कशाला!” अर्धं डोकं तसंच ठेवून गेला बिचारा. झाडाखालच्या त्या खुर्चीत आता दिवसाला दोन माणसंही बसत नाहीत.

१५ ऑगस्ट

फॉर्म झाला! नेटवरचा आयता नमुना घेतला, रंग बदलले, बटण पडद्यात आणलं. जे भरल्याशिवाय चालणार नाही त्याच्यापुढे लाल चांदणी — नाव, आडनाव, वय, धंदा, फोन. एक रकाना रिकामा सोडा, पान जागचं हलत नाही! दहा वेळा भरून पाहिला. विदुरी राहायू, विदुरी राहायू, विदुरी राहायू. दहाही वेळा गेला.

बू हेनी म्हणाल्या, “स्वतःच भरलास? जो तुझ्यासारखा नाही त्याला भरायला दे.” ह्यांना नवऱ्यानं केलेला भातही कच्चाच लागत असणार. नाही दिला कुणाला!

१७ ऑगस्ट

आज आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, त्याच्या स्पर्धा. दोरीला टांगलेला कोळंबीचा पापड हात न लावता खायचा. बापाक दरवर्षी जिंकायचा. आज तोंड उघडून हवेलाच चावत राहिला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पोरांना वाटलं, गंमत करतोय. टाळ्या वाजवल्या. तोही हसला.

मला एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी सातला नोंदणी सुरू. पाक ताउफिकची ताकीद होती — पान बनवणारीनं घरच्यांची नावं आत घालायची नाहीत, लोक बोलतील. बरोबरच आहे. बापाकला कालच म्हटलं होतं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून सातलाच भरून घे, मिनिटाचं काम.

दुपारी यादी उघडली आणि डोक्यात तिडीकच गेली! आडनावाच्या रकान्यात काय काय लिहिलंय — ‘नाही’, ‘-’, ‘एकच आहे’, ‘xxxx’, ‘काय लिहू’. एका महाभागानं तर माझंच नाव घातलंय! वर्गातलाच कुणीतरी असणार. लोकांचे डोळे जायची वेळ आलीय आणि ह्यांना थट्टा सुचते! यादीत आडनाव पहिलं दिसतं. तेवढंच पाहिलं, अकरा ओळींवर खुणा केल्या, एका फटक्यात उडवल्या. बरं वाटलं.

संध्याकाळी ‘सागियो’ शोधलं. बापाकचं नाव यादीत नाहीच!

“भरलं, पोरी.”

“मग यादीत का नाही?”

“ते यंत्राला विचार. मी भरलं.”

“घाबरलास ऑपरेशनला, असं सरळ सांग ना! खोटं कशाला बोलतोस?”

ताटातला सोयाबीनचा तेम्पे तसाच टाकून उठला. बाहेर वस्तरा घासत बसला. बसू दे!

१९ ऑगस्ट

चाळीस भरले. नोंदणी बंद. बापाक माझ्याशी बोलत नाही. मीही नाही.

२० ऑगस्ट

मशिदीत यादी लागली आणि तेम्पेवाली बू पोनिराह थेट आमच्या दारात येऊन माझ्यावर तुटून पडली. “माझं नाव कुठाय? तुझं पान पुढेच जाईना, ‘आडनाव, आडनाव’ करत बसलं. पोनिराह म्हणजे पोनिराह! ‘एकच आहे’ असं लिहिलं तेव्हा कुठे गेलं!”

थट्टा नव्हती ती. जुन्या माणसांना इथे नाव एकच असतं. मला हे माहीत नव्हतं? माझा बाप नुसता सागियो आहे! मला दोन नावं दिली तीही त्यानंच — कचेऱ्या सारखं परत पाठवायच्या त्याला कंटाळला होता म्हणून. आणि मी? मीही परत पाठवलं. लाल रंगात!

बू हेनींकडे धावले. वाटलं, खाऊन टाकतील. एवढंच म्हणाल्या, “उडवलेलं तीस दिवस टोपलीत राहतं. काढ. आणि ती चांदणी आधी पुस.” पण जे चांदणीपाशीच थांबून मुकाट घरी गेले, ते कुठल्या टोपलीत आहेत?

पाक ताउफिक म्हणाले, “अकराजणांना वेळेप्रमाणे लावू. म्हणजे तळातले तेवढे जाणार. त्यांच्या दारात जाऊन सांगायचं तू. मी नाही.”

सांगेन. शिव्या खाईन.

२१ ऑगस्ट

अकरा ओळी परत आल्या.

सगळ्यात वरची — सकाळी सात वाजून एक मिनिट. वय ६८. धंदा न्हावी. नाव सागियो.

आडनाव विदुरी.