आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव

प्रिय बाबा,

पत्र वाचण्याआधी तुम्ही चष्मा पुसणार, म्हणून आधीच सांगते, मी धडधाकट आहे. तुमचा खोकला कमी झाला का?

शाळा मंडळाने आम्हा जीवशास्त्राच्या शिक्षकांना एक कागद दिलाय. उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी तो वर्गात वाचायचा: हा नुसता एक सिद्धांत आहे, सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले असंही एक मत आहे. मी वाचला नाही. मुख्याध्यापक स्वतः येऊन वाचून गेले, तोवर मी दाराबाहेर उभी होते.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचली. हॉस्टेटरबाईंच्या गुडघ्यानंतर मी. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "मीच दिलं गं तुझं नाव. राग नाही हो कुणाचा तुझ्यावर."

सोमवारी दारात चार घरची चिकन-नूडल्सची भांडी. आई गेली तेव्हा आली होती, तशीच. सगळ्यांच्या तळाला नावाची चिकटपट्टी, म्हणजे परत द्यायला दारोदार जाणं आलं. आणि हसून बोलणंही आलं. त्याचाच जास्त कंटाळा आलाय.

काल मार्विनदादाचा फोन होता. तुमच्या चर्चमध्येही माझं नाव वाचलं म्हणे, आणि ते तुम्हीच दिलं होतं. इतकी वर्षं पाद्री होतात, अशा याद्या तुम्हीच करायचात; नाव कशासाठी घालतात ते तुम्हाला ठाऊक.

एवढंच कळवा बाबा, मी माझ्या म्हणण्यावर टिकावं म्हणून दिलंत, की वळावं म्हणून?

तुमचीच,
लोर्ना